पर्रीकरांचा वारसा आणि पणजीची जागा : एक प्रकरण अभ्यास

पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांची समाधी आहे. १८ मार्च २०१९ रोजी संध्याकाळी त्या समाधीशेजारी मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. त्याआधी कला अकादमीत त्यांचे पार्थिव अंत्यदर्शनासाठी ठेवले होते, आणि तेथे रांगेत उभी असलेली माणसे केवळ एका पक्षाची नव्हती. चिता पेटल्यावर काही तासांतच, मध्यरात्र उलटून दोन वाजण्याच्या सुमारास, दोनापावलच्या राजभवनावर प्रमोद सावंत यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. त्यांच्या मंत्रिमंडळात विजय सरदेसाई आणि सुदिन ढवळीकर हे दोन मित्रपक्षांचे नेते उपमुख्यमंत्री झाले. घटनात्मक निकड आणि संख्याबळाची चिंता पाहता ही घाई समजू शकते. तरीही या प्रकरणाचा अभ्यास त्या रात्रीपासूनच सुरू करावा लागतो, कारण पर्रीकरांच्या जाण्याने सुटे झालेले धागे सरकार त्या एका रात्रीत जुळवून घेऊ पाहत होते.

या लेखाचा प्रश्न मर्यादित आहे. संघाच्या शाखेत घडलेल्या आणि उजव्या विचारांच्या पक्षात आयुष्य घालवलेल्या या नेत्याचा मृत्यूनंतर जो सन्मान झाला, त्याचा त्यांच्या प्रादेशिक प्रभावाशी नेमका काय संबंध राहिला? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी पणजी विधानसभा मतदारसंघाइतके चांगले ठिकाण दुसरे नाही.

प्रभाव कसा घडला

पर्रीकरांचा जन्म १३ डिसेंबर १९५५ रोजी म्हापशात झाला. मडगावच्या लोयोला हायस्कूलमधून शालेय शिक्षण घेऊन ते मुंबईच्या आयआयटीत गेले आणि १९७८ मध्ये धातुशास्त्राचे अभियंते होऊन परतले. म्हापशात व्यवसाय करताना संघाचे काम चालूच होते, आणि पंचविशी ओलांडताच त्यांच्यावर शहर संघचालकपदाची जबाबदारी आली. पुढे संघाने त्यांना भारतीय जनता पक्षाच्या कामासाठी दिले. त्या वेळी गोव्यात हा पक्ष जवळजवळ नव्हताच. हिंदू बहुजन समाजाचे मत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाकडे, म्हणजे मगोकडे, जात असे. १९६३ पासून बांदोडकरांनी आणि १९७३ मध्ये त्यांच्या निधनानंतर त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर यांनी त्या पक्षाचे राज्य चालवले होते. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रातील विलीनीकरणाचा प्रश्न निकालात निघाला, तरी मगोची मुळे कूळ-मुंडकारांच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर कसणाऱ्या-राहणाऱ्यांच्या, घरात आणि गावोगावच्या मराठी शाळांत खोलवर रुजलेली होती.

भाजपने हे झाड तोडले नाही, आधी त्याच्या सावलीत जागा घेतली. १९९४ मध्ये मगोशी युती करून पक्षाचे चार आमदार प्रथमच विधानसभेत पोहोचले, आणि त्यांत पणजीतून निवडून आलेले पर्रीकर होते. त्या निवडणुकीत मगोला १२ जागा मिळाल्या होत्या. १९९९ मध्ये भाजप १० वर गेला आणि मगो ४ वर आला. २००२ मध्ये भाजप १७ आणि मगो २. आठ वर्षांत एका प्रादेशिक पक्षाचा मतदार दुसऱ्या पक्षात जवळजवळ पूर्णपणे सरकला. गोव्याच्या राजकारणाचा अभ्यास करणाऱ्याने हे आकडे कोणत्याही भाषणापेक्षा अधिक काळजीपूर्वक वाचले पाहिजेत.

हे स्थलांतर केवळ हिंदुत्वाच्या आवाहनाने झाले असे मानणे चूक ठरेल. २४ ऑक्टोबर २००० रोजी पर्रीकर पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले, आणि त्यांच्या सरकारने वृद्ध, निराधार व दिव्यांग व्यक्तींना दरमहा अर्थसाहाय्य देणारी योजना आणली. तिचे नाव ठेवले दयानंद सामाजिक सुरक्षा योजना. ज्या पक्षाचा मतदार आपल्याकडे वळवायचा होता, त्याच पक्षाच्या संस्थापकाचे नाव त्यांनी आपल्या सर्वांत मोठ्या कल्याणकारी योजनेला दिले. पेडणे, सत्तरी किंवा काणकोणातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या बँकेच्या पुस्तकात महिन्याच्या महिन्याला जमा होणाऱ्या रकमेशी भाऊसाहेबांचे नाव जोडले गेले. ही राजकीय खेळी होती, यात शंका नाही. पण पूर्वसूरीचा सन्मान करण्याची ती एक अतिशय विचारपूर्वक निवडलेली पद्धतही होती: नाव अशा ठिकाणी ठेवायचे जिथे ते दरमहा कोणाच्या तरी उपयोगी पडते.

दुसरा पाया कामाचा वेग आणि फायलीवरची पकड हा होता. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ मध्ये गोव्यात आला, तेव्हा कांपाल परिसरात जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या इमारतीचे रूप पालटले, बहुपडदा चित्रपटगृह उभे राहिले, आणि हे सगळे इतक्या कमी वेळात झाले की सरकारी काम असेही होऊ शकते हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. त्या कामाच्या खर्चावर आणि पद्धतीवर टीका झाली. ती टीका नोंदवूनही हे मान्य करावे लागते की पणजीच्या मध्यमवर्गाने त्या वर्षी पर्रीकरांना कायमचे आपले मानले. अर्ध्या बाह्यांचा साधा शर्ट, पायांत सँडल आणि 'भाई' ही हाक यांची प्रतिमा नंतर देशभर पसरली. गोव्यात मात्र तो रोजचा परिचय होता, आणि म्हणूनच त्याला वजन होते.

तिसरा पाया सर्वांत कठीण होता. गोव्याच्या लोकसंख्येचा सुमारे चतुर्थांश भाग ख्रिस्ती आहे आणि सासष्टीसारख्या तालुक्यात तो बहुसंख्य आहे. संघाच्या मुशीतून आलेल्या नेत्यासाठी हा मतदार जवळजवळ अप्राप्यच मानला जात असे. २०१२ च्या निवडणुकीत भाजपने सहा कॅथलिक उमेदवार उभे केले आणि सहाही निवडून आले. पक्षाला ४० पैकी २१ जागा मिळाल्या, स्वबळावर बहुमत मिळाले, आणि म्हापशाचे फ्रान्सिस डिसोझा उपमुख्यमंत्री झाले. खाण घोटाळ्याविरुद्धचा राग आणि काँग्रेसच्या घराणेशाहीचा कंटाळा ही कारणे होतीच, पण पर्रीकर दिलेला शब्द पाळतील असे ख्रिस्ती मतदारांच्या एका भागाला वाटले, हे त्याहून महत्त्वाचे. त्यानंतरच्या पहिल्या अर्थसंकल्पात पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर जवळजवळ शून्यावर आणला गेला आणि पेट्रोल लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरले. लाडली लक्ष्मी आणि गृहआधार या योजनाही त्याच वर्षी आल्या.

तडजोडींची किंमत

सन्मान करताना फक्त उजळ बाजू मांडायची, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. पर्रीकरांच्या बाबतीत ती विशेष अन्यायकारक ठरते, कारण त्यांचा प्रभाव तडजोडींवर उभा होता आणि प्रत्येक तडजोडीची किंमत कोणी ना कोणी मोजली.

भाषेचे प्रकरण घ्यावे. २०११ मध्ये दिगंबर कामत यांच्या काँग्रेस सरकारने इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा मराठी आणि कोंकणी या दोन्ही भाषांचे कार्यकर्ते, एरवी एकमेकांच्या विरोधात उभे राहणारे, भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या झेंड्याखाली एकत्र आले. शशिकला काकोडकर आणि संघाचे गोवा विभाग प्रमुख सुभाष वेलिंगकर या आंदोलनाच्या अग्रभागी होते, आणि विरोधी पक्षनेते पर्रीकर त्यांच्यासोबत होते. सत्ता आल्यावर मात्र चर्चच्या व्यवस्थापनाखालील शाळांचे अनुदान चालूच राहिले. ज्या कॅथलिक मतदाराचा विश्वास मिळवला होता त्याला दिलेला शब्द आणि ज्या मातृभाषेच्या आंदोलनाने बळ दिले त्याला दिलेला शब्द, हे दोन्ही एकाच वेळी पाळणे शक्य नव्हते. पर्रीकरांनी पहिला पाळला. गोव्यात मराठी शाळेत शिकलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा निर्णय आजही बोचतो, आणि तरीही त्यामागचा हिशेब मला कळतो.

त्या निर्णयाचे परिणाम दूरवर गेले. ऑगस्ट २०१६ मध्ये वेलिंगकरांना संघाच्या जबाबदारीतून मुक्त करण्यात आले, त्यांच्यासोबत शेकडो स्वयंसेवक बाजूला झाले आणि गोवा सुरक्षा मंच हा पक्ष स्थापन झाला. संघाच्या एखाद्या राज्यातील रचनेत इतकी उघड फूट पडणे ही देशभरात दुर्मीळ घटना होती. २०१७ च्या निवडणुकीत या नव्या पक्षाने मगो आणि शिवसेनेशी युती केली. त्याला स्वतःला एकही जागा मिळाली नाही, पण भाजप २१ वरून १३ वर घसरला आणि पर्रीकर केंद्रात गेल्यावर मुख्यमंत्री झालेले लक्ष्मीकांत पार्सेकर मांद्रेतून पराभूत झाले. ज्या मगोच्या सावलीत भाजप वाढला होता तोच मगो त्या वर्षी समोर उभा होता.

बाकीच्या तडजोडी थोडक्यात सांगता येतात. मांडवीतील तरंगते कॅसिनो हटवण्याची भाषा विरोधात असताना झाली, सत्तेत आल्यावर मुदतवाढ मिळत गेली. गोमांसाच्या प्रश्नावर देशातील त्यांच्या पक्षाचा सूर वेगळा असताना, जुलै २०१७ मध्ये त्यांनी विधानसभेत राज्यात तुटवडा होऊ देणार नाही आणि गरज पडल्यास बेळगावहून आणण्याचा मार्ग खुला ठेवला आहे, असे सांगितले. खाणींच्या बाबतीत विरोधी पक्षनेते या नात्याने लोकलेखा समितीच्या अध्यक्षपदावरून त्यांनी बेकायदा उत्खननाचा पाठपुरावा केला होता. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आल्यावर सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांच्याच सरकारने खाणी थांबवल्या आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. पण २०१४-१५ मध्ये भाजप सरकारने नूतनीकरण केलेले ८८ परवाने सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द केले. डिचोली, सांगे, सत्तरी या पट्ट्यातील ट्रकमालक आणि बार्जवाले यांच्या घरांवर याचा काय परिणाम झाला, ते त्या भागात राहिलेल्यालाच ठाऊक.

शेवटची दोन वर्षे

नोव्हेंबर २०१४ मध्ये पर्रीकर संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. समान श्रेणी समान निवृत्तिवेतनाचा निर्णय, २०१६ मधील नियंत्रण रेषेपलीकडील लष्करी कारवाई, राफेल विमानांचा करार ही त्या काळातील ठळक प्रकरणे देशभर चर्चिली गेली आहेत. या लेखाच्या विषयाशी त्यांचा संबंध एवढाच की दिल्लीत असतानाही गोव्याची सूत्रे त्यांच्याकडेच राहिली.

मार्च २०१७ मध्ये निकाल लागला तेव्हा काँग्रेस १७ जागांसह सर्वांत मोठा पक्ष होता. सरदेसाईंचा गोवा फॉरवर्ड आणि ढवळीकरांचा मगो या प्रत्येकी तीन आमदारांच्या पक्षांनी पाठिंबा देताना अट घातली ती एकच: मुख्यमंत्री पर्रीकर हवेत. एका रात्रीत समीकरण जुळले, १४ मार्चला शपथ झाली आणि १६ मार्चला २२ विरुद्ध १६ अशा मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला गेला. भाजपविरोधात प्रचार करून निवडून आलेल्या पक्षांनी एका व्यक्तीकडे पाहून भाजपचे सरकार बनवले, हा पर्रीकरांच्या प्रादेशिक प्रभावाचा कळस होता. काँग्रेसच्या मतदाराला मात्र त्या रात्री आपल्या मताची किंमत शून्य झाल्यासारखे वाटले. आमदारांची जुळवाजुळव करून सत्ता राखण्याच्या ज्या पद्धतीला नंतर पर्रीकरांचे चाहतेच नावे ठेवू लागले, तिची एक वाट याच रात्रीतून जाते. प्रामाणिक स्मरणात ही नोंद गाळता येणार नाही.

फेब्रुवारी २०१८ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे निदान झाले. मुंबई, अमेरिका, दिल्ली असे उपचार चालू राहिले आणि मुख्यमंत्रिपदही सुटले नाही. २७ जानेवारी २०१९ रोजी मांडवीवरील तिसऱ्या पुलाचे, अटल सेतूचे, उद्घाटन झाले तेव्हा ते नाकातून नळी घातलेल्या अवस्थेत, दोन्ही बाजूंनी आधार घेत मंचावर आले. तीन दिवसांनी, ३० जानेवारीला, त्याच अवस्थेत त्यांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला. सविस्तर भाषण करणे शक्य नव्हते, ते त्यांनी स्वतःच सांगितले, आणि थोडके वाचून ते बसले. आवाज खोल गेलेला होता, हात थरथरत होता, पण कागद त्यांनी स्वतःच धरला होता. आजारी माणसाला पदावर ठेवणे योग्य होते का, याबद्दल गोव्यात तेव्हाही दोन मते होती. माझे मत असे की त्या वर्षभरात प्रशासन अडून राहिले आणि पक्षाने त्यांना विश्रांती द्यायला हवी होती. आणि त्या दिवशी सभागृहात त्यांना पाहून ज्यांचे डोळे भरून आले त्यांच्यात मीही होतो.

त्यांना सोडता न येण्याचे कारण साधे होते: दुसरी फळी नव्हती. पर्रीकरांच्या नावाने पर्रा गावच्या कलिंगडांची एक गोष्ट गोव्यात सांगितली जाते. गावातला एक शेतकरी दर मे महिन्यात मुलांना आपली सर्वांत मोठी कलिंगडे खायला घालायचा, अट एवढीच की बिया चावायच्या नाहीत, वाडग्यात थुंकायच्या. त्याच बिया पुढच्या वर्षी पेरल्या जात. पुढे शेती मुलाच्या हाती गेली. त्याने मोठी कलिंगडे बाजारात पाठवली, मुलांना लहान दिली, लहानांच्या बिया पेरल्या, आणि काही वर्षांत पर्राचे मोठे कलिंगड दिसेनासे झाले. ही गोष्ट सांगणाऱ्या नेत्याच्या पक्षात मोठ्या कलिंगडाच्या बिया कोणी जपल्या, असे मला त्यांच्या जवळच्या कार्यकर्त्यांना अनेकदा विचारावेसे वाटले आहे. निर्णय सगळे एका टेबलावर होत. मंत्री असोत वा सचिव, फाईल शेवटी भाईंकडे जाई. कार्यक्षमतेचे कारण तेच होते, आणि पोकळीचेही तेच ठरले.

नावांचा सन्मान

निधनानंतर सन्मानांची कमतरता राहिली नाही. जानेवारी २०२० मध्ये मरणोत्तर पद्मभूषण जाहीर झाले. पुढच्याच महिन्यात दिल्लीतील संरक्षण अभ्यास व विश्लेषण संस्थेला, म्हणजे १९६५ पासून चालत आलेल्या एका प्रतिष्ठित संस्थेला, त्यांचे नाव देण्यात आले. गोवा विद्यापीठात कायदा, शासनव्यवहार आणि सार्वजनिक धोरण यांचे शिक्षण देणारी शाखा त्यांच्या नावाने सुरू झाली, नावेलीचे बंदिस्त क्रीडागृह त्यांच्या नावाचे झाले, आणि राज्य सरकार त्यांच्या नावाने विज्ञान महोत्सव भरवते व तरुण शास्त्रज्ञांना पुरस्कार देते. अभियंता असलेल्या, विज्ञानाबद्दल मुलांशी बोलायला आवडणाऱ्या माणसाला यातले शेवटचे दोन सन्मान विशेष शोभतात.

सर्वांत मोठे नाव मोपाच्या पठारावर लागले. पेडणे तालुक्यातील या विमानतळाला केंद्राने २००० मध्ये तत्त्वतः मान्यता दिली होती. दाबोळीचा जुना विमानतळ बंद पडेल या भीतीने दक्षिण गोव्याचा विरोध, जमीन गेलेल्या शेतकऱ्यांची गाऱ्हाणी, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण परवान्याला दिलेली स्थगिती, आणि २०२० मध्ये ती उठणे अशा सर्व टप्प्यांतून जाऊन ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि 'मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ' हे नाव जाहीर झाले. ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली.

नाव जाहीर होताच दोन आक्षेप आले. पहिला असा की विमानतळाला भाऊसाहेब बांदोडकरांचे नाव द्यावे ही बहुजन समाजातून आणि मगोच्या गोटातून होणारी जुनी मागणी डावलली गेली. दुसरा आक्षेप पर्रीकरांच्याच चाहत्यांचा होता: आडनाव का वगळले? 'मनोहर' हे विशेषणही आहे, आणि विमानातून उतरणाऱ्या परक्या प्रवाशाला ते एका माणसाचे नाव आहे हे कळणारसुद्धा नाही. मला दुसरा आक्षेप पूर्णपणे पटतो. पहिल्याबद्दल अधिक वाईट वाटते ते वेगळ्या कारणाने. जो नेता भाऊसाहेबांचे नाव आपल्या योजनेला देऊन बहुजनांच्या घरात शिरला, त्याच्या नावावरून त्याच बहुजनांत आपले-परके सुरू व्हावे, हे त्याच्या पद्धतीच्या नेमके उलट झाले. पेडण्यात भाऊसाहेबांचे आणि दक्षिण टोकाला पर्रीकरांचे असे काही सुचवून दोन्ही बाजूंशी आधी बसून बोलणे त्यांनी नक्की केले असते, असे त्यांना काम करताना पाहिलेले अनेकजण म्हणतील.

पणजीची जागा

आता मूळ प्रकरणाकडे येऊ. १९९४ ते २०१२ पर्यंतच्या पाचही सार्वत्रिक निवडणुका पर्रीकरांनी पणजीतून जिंकल्या. ते दिल्लीला गेल्यावर त्यांचे निकटचे सहकारी सिद्धार्थ कुंकळ्येंकर यांनी जागा राखली, आणि २०१७ मध्ये पर्रीकर परतल्यावर त्यांच्यासाठी ती मोकळी केली. ऑगस्ट २०१७ च्या पोटनिवडणुकीत पर्रीकर ४,८०३ मतांनी विजयी झाले.

त्यांच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांनी, मे २०१९ मध्ये, पुन्हा पोटनिवडणूक झाली. देशभर भाजपची लाट होती आणि सहानुभूतीही होती. भाजपने कुंकळ्येंकर यांना उभे केले, काँग्रेसने आतानासियो ऊर्फ बाबूश मोन्सेरात यांना. वेलिंगकरही गोवा सुरक्षा मंचाकडून रिंगणात होते, म्हणजे पर्रीकरांच्या घडणीचे तीन धागे एकाच मतपत्रिकेवर वेगवेगळे झाले होते. मोन्सेरात १,७५८ मतांनी जिंकले आणि २५ वर्षांनी पणजी भाजपच्या हातून गेली. ती फार काळ बाहेर राहिली नाही. १० जुलै २०१९ रोजी विरोधी पक्षनेते चंद्रकांत कवळेकर यांच्यासह काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये आले आणि त्यांत मोन्सेरात होते. पक्षाचे संख्याबळ २७ झाले. सरदेसाईंच्या पक्षाचे मंत्री वगळले गेले. ढवळीकरांना त्याआधीच मार्चअखेरीस मंत्रिमंडळातून वगळले होते. ज्या दोन पक्षांनी पर्रीकरांकडे पाहून हात दिला होता, ते चार महिन्यांत दोन्ही सत्तेबाहेर होते.

जानेवारी २०२२ मध्ये विधानसभा निवडणुकीची उमेदवारी ठरवताना पणजी मोन्सेरात यांना मिळाली. पर्रीकरांचे थोरले चिरंजीव उत्पल यांनी पणजीच मागितली होती. पक्षाने त्यांना दुसऱ्या मतदारसंघांचे पर्याय दिले, ते त्यांनी नाकारले, आणि उमेदवाराच्या निवडीवर मूल्यांचा आक्षेप घेऊन २१ जानेवारीला पक्ष सोडला. निवडणुकीचे प्रभारी देवेंद्र फडणवीस यांनी नेत्याचा मुलगा आहे म्हणून उमेदवारी मिळत नाही, काम पाहिले जाते, असे सांगितले. तत्त्व म्हणून ते निर्विवाद आहे. पण त्याच यादीत दोन दांपत्ये होती. बाबूश मोन्सेरात पणजीत आणि त्यांच्या पत्नी जेनिफर ताळगावात, विश्वजित राणे वाळपईत आणि त्यांच्या पत्नी दिव्या पर्येत, असे चौघे कमळाच्या चिन्हावर लढले आणि चौघेही जिंकले. पणजी महापालिकेत तेव्हा महापौर होते मोन्सेरात यांचेच पुत्र रोहित. घराणेशाहीविरुद्धचे तत्त्व एकट्या उत्पल यांनाच लागू झाले, हे पणजीच्या मतदाराच्या नजरेतून सुटले नाही.

निकाल असा लागला: मोन्सेरात ६,७८७ मते, अपक्ष उत्पल पर्रीकर ६,०७१. फरक ७१६ मतांचा. शिवसेनेने उत्पल यांच्यासाठी उमेदवार मागे घेतला होता, काँग्रेसने मात्र एल्विस गोम्स यांना कायम ठेवले. पक्ष नाही, चिन्ह नाही, संघटना विरोधात, आणि प्रचाराला जेमतेम तीन आठवडे असताना एका नवख्या उमेदवाराला मिळालेली ही मते वडिलांच्या स्मृतीला मिळालेली आहेत, असे मी मानतो. ती पुरली नाहीत हेही तितकेच खरे. त्याच निवडणुकीत पार्सेकरही उमेदवारी नाकारली गेल्याने मांद्रेतून अपक्ष लढले आणि हरले. राज्यात भाजप २० जागा घेऊन पुन्हा सत्तेवर आला.

१९७३ मध्ये भाऊसाहेब गेले तेव्हा मगोने त्यांच्या कन्येला मुख्यमंत्री केले आणि पक्ष पुढे आक्रसत गेला. २०१९ नंतर भाजपने पर्रीकरांच्या घराला बाजूला ठेवले आणि पक्ष वाढला. केवळ या तुलनेवरून कोणी म्हणेल की भाजपचा निर्णय शहाणपणाचा ठरला. मला तसे वाटत नाही. पर्रीकरांनी मिळवलेला कॅथलिक मतदार, त्यांच्यावर विसंबून आलेले मित्रपक्ष आणि त्यांच्यामुळे दुखावलेले मातृभाषेचे कार्यकर्ते या तिघांशीही आज विश्वासाच्या नात्याने बोलू शकेल असा माणूस त्या पक्षात दिसत नाही; जागा वाढल्या त्या इतर पक्षांतून आलेल्या, आपापल्या मतदारसंघाचे मालक असलेल्या पुढाऱ्यांच्या बळावर. सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसचे आणखी आठ आमदार आले, तेव्हा हे अधिकच ठळक झाले.

उत्पल यांना उमेदवारी मिळायला हवी होती, असे म्हणण्यासाठी हा अभ्यास लिहिलेला नाही. वारसा रक्ताने जातो, असे पर्रीकरांनी कधी मानले नाही आणि कुटुंबाला राजकारणापासून दूर ठेवले. पक्षाला दुसरा चांगला माणूस मिळाला असता तर पणजीकरांनी तो स्वीकारला असता.

सन्मान करायचाच असेल तर एक काम अजून शिल्लक आहे, आणि ते फारसे खर्चाचे नाही. विधानसभेतील त्यांची पाव शतकाची भाषणे, विरोधी पक्षनेते म्हणून त्यांनी विचारलेले प्रश्न, सर्व अर्थसंकल्पांची भाषणे, खाणींवरील लोकलेखा समितीचा अहवाल आणि भाषामाध्यमावरील दोन्ही काळांतील त्यांची विधाने एकत्र करून, काहीही न गाळता, मराठी आणि कोंकणीत उपलब्ध करून द्यावीत. विद्यापीठातली त्यांच्या नावाची शाखा ताळगावच्या पठारावर आहे, विधानसभा पर्वरीला. मध्ये मांडवी आहे आणि तिच्यावर तीन पूल आहेत.